लॉकियर साहेब, विजयदुर्ग आणि प्रज्ञानचा लेझर

१८ ऑगस्ट जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. त्यात लिहिलेलं असतं की १८ ऑगस्ट १८६८ या दिवशी नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम वायूचा शोध लावला. सोबत किल्ल्याचा फोटो, खाली तिरंगा. मीसुद्धा एक-दोनदा तो पुढे ढकललाय.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चं प्रज्ञान रोव्हर चंद्रावर उतरलं. त्याच्यावरच्या लेझरने चंद्राच्या मातीत गंधक असल्याचं सांगितलं, तेव्हा या तंत्राचं मूळ शोधायला बसलो. शोधता शोधता पुन्हा लॉकियरच सापडले. पण फॉरवर्डमधला लॉकियर वेगळा आणि खरा लॉकियर वेगळा. खरा जास्त भारी आहे, म्हणून आज त्यांचीच गोष्ट.

आधी लेझरचं काम समजून घेऊ

मी मूळचा पातूरचा. आमच्या गावाजवळ लेणी आहेत, काळ्या खडकात कोरलेली. हा खडक म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला. अख्ख्या वऱ्हाडाखाली हाच फत्तर आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर याच बेसाल्टवर उल्का आदळून तयार झालं. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचेच आणि मंगळावरही बेसाल्ट भरपूर आहे.

आता समजा, पातूरच्या एखाद्या दगडात काय काय आहे ते शोधायचंय. इथे सोपं आहे. तुकडा फोडा, प्रयोगशाळेत पाठवा, रिपोर्ट घ्या. पण दगड चंद्रावर असेल तर? तिथे ॲसिडच्या बाटल्या नाहीत, माणूस नाही, आहे फक्त २६ किलोचं रोव्हर.

तिथे लिब्स नावाचं तंत्र कामी येतं. लेझरचा झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता दगडावर मारायचा. वेळ इतका कमी आणि जागा इतकी बारीक, की त्या ठिपक्यावरचा दगड थेट वाफ होतो आणि त्याचा हजारो अंश तापलेला प्लाझ्मा बनतो. तो थंड होताना त्यातले अणू उजेड बाहेर टाकतात. प्रत्येक मूलद्रव्याचे रंग ठरलेले असतात. हा उजेड फोडून त्याचा वर्णपट काढला की बारीक चकाकत्या रेघा दिसतात. लोखंडाच्या वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या, गंधकाच्या वेगळ्या. आधार कार्डाला अंगठा जुळवतात तसंच इथे रेघा जुळवायच्या.

याची साधी झलक घरीच दिसते. गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडलं की ज्योत पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. लक्षात ठेवा, हा पिवळा रंग पुढे मोठा घोळ घालणार आहे.

कारकून, ज्याला डिग्री नव्हती

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावात झाला. वडील वैद्यकी करायचे आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. पण नॉर्मन कधी विद्यापीठात शिकले नाहीत. १८५७ मध्ये ते लंडनला युद्ध खात्यात कारकून म्हणून लागले. दिवसभर फायली, रात्री दुर्बीण. आपल्यातले बरेच जण दिवसा नोकरी करून रात्री स्वतःचा प्रोजेक्ट करतात ना, अगदी तसंच.

१८६२ मध्ये त्यांनी सव्वासहा इंची दुर्बिणीतून मंगळ बघून त्याची चित्रं काढली. चित्रांची वाहवा झाली, पण चित्रावरून मंगळ कशाचा बनलाय ते कळत नाही. नेमकं त्याच सुमारास जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं होतं की उजेडातल्या रेघांवरून मूलद्रव्य ओळखता येतं, मग तो उजेड ज्योतीचा असो की सूर्याचा. लॉकियर यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि १८६६ मध्ये सूर्यावरच्या डागांचा वर्णपट बघितला.

मग त्यांच्या डोक्यात एक आयडिया आली. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लालसर ज्वाळा दिसतात. एरवी सूर्याच्या झगमगाटात त्या हरवतात. पण त्या ज्वाळा वायूच्या असतील तर त्यांचा उजेड मोजक्या रेघांमध्येच एकवटलेला असणार. झगमगाट वर्णपटात पसरवून फिका केला तर या रेघा उठून दिसतील, म्हणजे ग्रहणाची वाट बघायचीही गरज नाही. पण त्यासाठी जास्त ताकदीचं यंत्र हवं होतं. पैसे मंजूर झाले, ऑर्डर गेली आणि यंत्र दोन वर्षं लटकलं. ते हातात पडलं १६ ऑक्टोबर १८६८ रोजी.

आता तारीख बघा. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतावरून खग्रास ग्रहण गेलं तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये यंत्राची वाट बघत बसले होते. विजयदुर्गला नव्हते, भारतातच नव्हते. त्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला होते फ्रान्सचे ज्यूल्स जान्सेन. त्यांना ज्वाळांच्या रेघा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण संपल्यावर, दुसऱ्या दिवशी भर उन्हातही त्यांनी त्या पुन्हा पकडल्या.

यंत्र मिळाल्यावर चौथ्याच दिवशी, २० ऑक्टोबरला, लॉकियर यांनी इंग्लंडमधून तेच साधलं. गंमत अशी की दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला पोचली. एकाने दुसऱ्याचं श्रेय ओढलं नाही. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

पिवळी रेघ आणि २७ वर्षांचा इंतजार

त्या ज्वाळांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेघा होत्या आणि एक पिवळी रेघ होती. ग्रहणाच्या वेळी भारतात ती बऱ्याच जणांना दिसली होती. पिवळी म्हणजे सोडियम, मिठातलं, असं वाटणं साहजिक होतं. लॉकियर यांनी मात्र ती नीट मोजली. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही होती ५८७.६ च्या आसपास. फरक दीड नॅनोमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्याला रंग तोच.

ही सोडियमची नाही, मग कुणाची? रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर वेगवेगळे प्रयोग करून बघितले. ती रेघ काही येईना. शेवटी लॉकियर यांनी ठरवलं की हे पृथ्वीवर न सापडलेलं नवीन मूलद्रव्य आहे. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिओस, त्यावरून नाव पडलं हेलियम.

एका रेघेच्या जोरावर नवं मूलद्रव्य म्हणणं म्हणजे अंगठ्याचा ठसा सापडला, पण माणूस कुणी पाहिलाच नाही, असं झालं. फ्रँकलंडनाही ते पटलं नाही आणि बाकी रसायनवालेही साशंकच राहिले.

१८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाचा युरेनियमचा खनिज-दगड ॲसिडमध्ये टाकला. त्यातून निघालेल्या वायूचा वर्णपट काढला तर तीच पिवळी रेघ हजर. सूर्यावरचं मूलद्रव्य दगडाच्या पोटात सापडलं. लॉकियर तेव्हा ५८ वर्षांचे होते आणि ती रेघ पहिल्यांदा बघून २७ वर्षं झाली होती.

दगडावर ठिणगी

हेलियममुळे लॉकियर यांचं बाकीचं काम झाकलं जातं. पण प्रज्ञानच्या लेझरशी खरं नातं त्या बाकीच्या कामाचंच आहे.

सूर्याच्या रेघा ओळखायच्या तर आधी पृथ्वीवरच्या वस्तूंच्या रेघांची यादी पाहिजे. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत धातूंवर विजेची ठिणगी पाडायला सुरुवात केली. ठिणगीने धातूची वाफ होते, वाफ चमकते, तिचा वर्णपट नोंदवायचा. लेझरच्या जागी वीज ठेवली की हे जवळपास लिब्सच झालं. १८७३ च्या सुमारास इंग्लंडच्या सरकारी टांकसाळीतले चँडलर रॉबर्ट्स यांच्यासोबत त्यांनी अजून पुढची गोष्ट करून बघितली. मिश्रधातूत कोणता धातू आहे एवढंच नाही, तर तो किती आहे हेही रेघांवरून काढता येतं का? आज रोव्हर पाठवणारे शास्त्रज्ञ हाच प्रश्न रोज सोडवतात.

नंतर त्यांनी आकाशातून पडलेल्या उल्कांचे तुकडे घेतले आणि त्यांचीही विजेने वाफ करून रेघा नोंदवल्या. दुसऱ्या जगातल्या दगडाची वाफ करून तिचा उजेड वाचणं, तेही एकोणिसाव्या शतकात. फक्त दगड इथे चालत आला होता.

चुका कुठे झाल्या

इथपर्यंत वाचून वाटेल की माणूस एकदम परफेक्ट. तसं नाहीये. उल्कांच्या प्रयोगांवरून त्यांनी मोठा सिद्धांत मांडला की तारे, तेजोमेघ सगळं उल्कांच्या थव्यांपासून बनतं. पुरावा म्हणून तेजोमेघातली एक हिरवी रेघ त्यांनी मॅग्नेशियमची धरली. विल्यम आणि मार्गारेट हगिन्स या जोडप्याने आणि अमेरिकेतल्या जेम्स कीलर यांनी ती रेघ जास्त काटेकोरपणे मोजली. ती मॅग्नेशियमच्या जागी बसत नव्हती. सिद्धांत कोसळला.

बघा हं, सोडियमपासून दीड नॅनोमीटर दूर असलेली रेघ ज्याने वेगळी ओळखली, तोच माणूस पुढे जवळची रेघ बघून फसला. कारण यावेळी त्याला उत्तर आधीच हवं होतं. आपण कोड डीबग करताना हेच करतो. बग कुठे आहे ते मनात ठरवून टाकतो आणि मग लॉगमध्ये तेवढंच दिसतं.

दुसरी चूक अर्धी चूक होती. लॉकियर यांच्या लक्षात आलं की कॅल्शियमच्या काही रेघा कमी उष्णतेत ठळक असतात, तर जोरदार ठिणगीत दुसऱ्याच रेघा जोर धरतात. सूर्याच्या उजेडातही दुसऱ्याच ठळक. १८७८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलं की जास्त उष्णतेत मूलद्रव्यच फुटून साध्या घटकांमध्ये मोडत असावं. अणू फुटतो? त्या काळात हे म्हणजे वेडेपणाच. त्यांच्या काही रेघा तर नमुन्यातल्या भेसळीमुळे आल्याचं इतरांनी दाखवून दिलं. टीका खूप झाली. पण लॉकियर हटले नाहीत आणि जोर धरणाऱ्या त्या रेघांच्या याद्या आयुष्यभर करत राहिले.

आता विजयदुर्ग

लॉकियर भारतात आले, पण नंतर. पहिल्यांदा डिसेंबर १८७१ मध्ये, ग्रहण बघायला, केरळातल्या बेकल किल्ल्याजवळ. आणि दुसऱ्यांदा २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. यावेळी तळ पडला तो खरोखरच विजयदुर्गला. एचएमएस मेल्पोमेनी या युद्धनौकेचे कप्तान आणि नौसैनिक मदतीला होते. नौसैनिकांना यंत्रं हाताळायला शिकवलं गेलं. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, त्यामुळे कुणी कधी काय करायचं याच्या तालमी झाल्या. किल्ल्यावरचा एक चौथरा लोक आजही साहेबाच्या नावाने ओळखतात.

पण हेलियम शोधायला ते आलेच नव्हते. हेलियम तर तीन वर्षांपूर्वी दगडात सापडलं होतं. त्यांना सूर्याच्या कडेच्या थराचा वर्णपट फोटोत पकडून आपल्या ठिणगीच्या याद्यांशी जुळवायचा होता. विजयदुर्गच्या फॉरवर्डमध्ये माणूस बरोबर आहे, जागा बरोबर आहे, वर्ष ३० वर्षांनी चुकलंय आणि कारणही चुकलंय.

आपल्या वऱ्हाडासाठी अजून एक गोष्ट आहे, जी कुणी फॉरवर्ड करत नाही. त्याच ग्रहणाला ब्रिटिश हौशी खगोलशास्त्रज्ञांची एक तुकडी अमरावती जिल्ह्यातल्या तळणीला उतरली होती, वर्धा-बडनेरा रेल्वेमार्गावर. तिथून ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा दूरवर गेलेला झोत फोटोत पकडला आणि जॉन एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपला. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन बसले होते. म्हणजे त्या दुपारी कोकणापासून वऱ्हाडापर्यंत लोक एकाच सूर्याच्या रेघा मोजत होते.

उत्तर कलकत्त्याहून आलं

लॉकियर १६ ऑगस्ट १९२० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिडमथजवळ स्वतः उभारलेल्या वेधशाळेच्या परिसरात वारले. वय ८४. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२० मध्ये, कलकत्त्याच्या एका २७ वर्षांच्या भारतीयाचा शोधनिबंध छापून आला. नाव मेघनाद साहा.

साहा यांनी गणिताने दाखवलं की जास्त उष्णतेत अणूमधून इलेक्ट्रॉन निसटतो आणि अणूचा आयन होतो. आयनाच्या रेघा मूळ अणूपेक्षा वेगळ्या असतात. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणू आयन होतील, याचं सूत्रच त्यांनी दिलं. लॉकियर यांच्या जोर धरणाऱ्या रेघा या आयनांच्या होत्या. कॅल्शियम मोडत नव्हतं, त्याचा फक्त एक इलेक्ट्रॉन सुटत होता. लॉकियर यांचं निरीक्षण खरं होतं, अर्थ अर्धा चुकला होता. ज्या याद्यांवर टीका झाली, त्याच साहांच्या कामी आल्या. पुढे साहा काही काळ लंडनला लॉकियर यांचे जुने सहकारी अल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेले. लॉकियर मात्र हे बघायला उरले नव्हते.

लेझरने दगडाचा प्लाझ्मा केला की त्यात अणूही असतात आणि आयनही. रेघांवरून मूलद्रव्याचं प्रमाण काढताना साहांचं समीकरण आजही वापरलं जातं.

मंगळ, चंद्र आणि एक साप्ताहिक

परक्या ग्रहावर लिब्स पहिल्यांदा चाललं ते १९ ऑगस्ट २०१२ रोजी. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरवरच्या केमकॅमने मंगळावरच्या एका दगडावर १० सेकंदांत लेझरचे ३० झटके मारले. केमकॅम सात मीटर लांबच्या दगडाचाही वर्णपट काढू शकतो. आणि रोव्हरच्याच अंगावर एक पट्टी बसवलीय, ज्यात काय आहे ते आधीपासून माहीत असलेले नमुने आहेत. मध्ये मध्ये लेझर त्यावर मारून यंत्र खरं सांगतंय ना हे तपासतात. भेसळीने आणि जवळच्या रेघांनी लॉकियर जसे फसले, तसं आपण फसू नये म्हणून ही सोय.

प्रज्ञानचं लिब्स बंगळुरूच्या इस्रोच्या लिऑस प्रयोगशाळेत बनलं. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या दिशेला लँडिंग झालं आणि आठवडाभरातच त्याने ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोखंड, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि गंधकाच्या रेघा पकडल्या. एवढ्यावर न थांबता एपीएक्सएस नावाच्या दुसऱ्या उपकरणाने, वेगळ्या पद्धतीने, गंधक असल्याची खात्री केली. एका रेघेवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या वाटेने तपासायचं. हेलियमच्या वेळी या दुसऱ्या वाटेला २७ वर्षं लागली. इथे काही दिवस.

अजून एक धागा आहे. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी ३३ वर्षांच्या लॉकियर यांनी लंडनमध्ये विज्ञानाचं एक साप्ताहिक सुरू केलं आणि पुढची ५० वर्षं त्याचं संपादन केलं. त्याचं नाव नेचर. प्रज्ञानच्या एपीएक्सएसने केलेल्या मोजणीचा शोधनिबंध ऑगस्ट २०२४ मध्ये छापून आला, तो नेचरमध्येच. चंद्रावर आणि मंगळावर, दोन्हीकडे एकेका विवराला लॉकियर यांचं नाव आहे.

घरी करून बघा

जुनी सीडी पडली असेल तर रात्री तिच्यात साध्या पिवळ्या बल्बचं प्रतिबिंब बघा, मग जुन्या सीएफएलचं बघा. बल्बचा रंगीत पट्टा सलग दिसेल, सीएफएलचे रंग तुटक. ते तुटक रंग म्हणजे आतल्या वायूची आणि पावडरीची सही. फोनच्या कॅमेऱ्याने फोटोही निघतो. फक्त सूर्याकडे, सीडीतूनही आणि कॅमेऱ्यातूनही, चुकूनसुद्धा बघू नका. आणि लेझरशी खेळ नको, डोळे जातात.

आणि पुढच्या १८ ऑगस्टला तो फॉरवर्ड आला तर रागावू नका. मी ग्रुपवर एवढंच टाकणार आहे: १८६८ ला गुंटूर आणि इंग्लंड, १८९८ ला विजयदुर्ग, आणि त्याच दिवशी आपलं तळणी. आमच्या काकांना तळणीची गोष्ट नक्की आवडेल.